सकळ लिपीची किल्ली

कुलूप कोणासाठीं असतें, असें कोणीं विचारलें तर ‘चोरासाठीं’ हें उत्तर आपल्या ओठांवर तयार असतें. परंतु चोर येतो एखाद्या रात्रीं, आणि कुलूप दारावर राहतें पुष्कळ वर्षें. तेवढ्या काळांत किल्ली बाळगणारीं माणसें जातात, किल्ल्या घडविणारे कारागीर जातात, आणि ज्याच्या मालाच्या रक्षणासाठीं तें कुलूप लावलें त्याच्याच वंशजाला एके दिवशीं दाराबाहेर तिष्ठत उभें राहावें लागतें. अशाच एका कुलपाचा इतिहास आज सांगावयाचा आहे. तें कुलूप लोखंडाचें नव्हतें, अक्षरांचें होतें. सुमारें साडेपांचशें वर्षें तें टिकलें, आणि त्याच्याआड मराठींतील आद्य चरित्रग्रंथ बंद होता.

हा इतिहास सांगण्याचें निमित्त मात्र अगदीं आजचें आहे. गेल्या पंधरावीस वर्षांत पुष्कळ सुशिक्षित घरांतून एक लहानशी पेटी आली. संगणकाच्या दुकानांत तिला ‘नॅस’ म्हणतात. एकदोन हार्ड डिस्क पोटांत घेऊन ती राउटरच्या शेजारीं बसलेली असते, आणि घरांतील सर्व संगणकांना व फोनांना तिच्यांतील ठेवा हवा तेव्हां मिळतो. आजोबांचे फोटो, मुंजीचें चित्रण, जमिनीचे उतारे, आजीच्या आवाजांतील ओव्या, मुलांचे शाळेचे दाखले, असें सारें घर तिच्यांत सांठलेलें असतें. दहाबारा वर्षें ती मुकाट्यानें काम करते. मग घरांत नवा संगणक येतो, आणि तो तिच्याशीं बोलेनासा होतो. ही जोडणी सुरक्षित नाहीं, अशा अर्थाची कांहीं अक्षरें पडद्यावर उमटतात आणि काम तेथेंच थांबतें. पेटी चालू असते, डिस्क फिरत असते, पासवर्ड पाठ असतो. तरीहि दार उघडत नाहीं. पेटी ज्या गुप्तलेखनाच्या रीतीनें बोलते ती रीत जुनी झाली आहे, आणि नव्या संगणकाला ती मानूं नये असेंच शिकविलेलें आहे. घरच्यांना हा प्रसंग अगदीं नवा वाटतो. वस्तुतः त्याच्यासारखाच एक प्रसंग गोदावरीच्या कांठीं पूर्वीं घडून गेला आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ सालापर्यंत ज्याला आपण अहमदनगर म्हणत आलों त्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर गोदावरीचें पात्र आहे. तेथें श्रीरामपूर तालुक्यांत कमालपूर नांवाचें गांव आहे. महानुभाव पंथाच्या ग्रंथांत त्याचें नांव डोमेग्राम. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर येथें कांहीं महिने राहिले होते, आणि त्यांच्या चरित्रांतील अखेरचे प्रसंगहि याच तालुक्यांतील बेलापूरच्या परिसराशीं निगडित आहेत. चक्रधर कोठें बसले, कोठें जेवले, कोठें कोणाशीं काय बोलले, याची टिपणें पंथानें इतक्या निष्ठेनें ठेविलीं कीं, ‘स्थानपोथी’ नांवाचा एक स्वतंत्र ग्रंथ केवळ त्या जागांच्या वर्णनासाठीं लिहिला गेला.

स्वतः चक्रधरांनीं ग्रंथ लिहिला नाहीं. ते बोलले, आणि लोकांच्या मराठींत बोलले. ते गेल्यानंतर म्हाइंभट नांवाच्या व्युत्पन्न शिष्यानें त्यांच्या आठवणी जमविण्याचें काम अंगावर घेतलें. हा म्हाइंभट याच जिल्ह्यांतील सराळें गांवचा, असें अभ्यासक मानतात. ज्यानें जो प्रसंग पाहिला किंवा ऐकला त्याच्याकडे जाऊन, त्याला विचारून, त्यानें एकेक लीळा टिपून घेतली. नागदेवाचार्यांच्या देखरेखीखालीं, वऱ्हाडांतील ऋद्धिपुरास, १२७८ च्या सुमारास जो ग्रंथ सिद्ध झाला तो ‘लीळाचरित्र’. साधें, बोलतें, घरगुती गद्य. परंतु त्या काळच्या मराठी माणसाचें खाणें-पिणें, भांडण-तंटा, प्रवास, बाजार, हें सगळें त्यांत जसेंच्या तसें उतरलेलें आहे.

ही पहिली पोथी फार दिवस राहिली नाहीं. चौदाव्या शतकाच्या आरंभीं दिल्लीच्या सुलतानाच्या फौजा दक्षिणेंत आल्या. महानुभाव ग्रंथकार त्या धामधुमीला ‘खालशाची धाड’ म्हणतात. त्या धाडींत मूळ पोथी नाहींशी झाली, असें परंपरा सांगते. तेव्हां ज्यांनीं ती पाठ केली होती त्यांच्याकडून ती पुन्हां लिहून घ्यावी लागली. हिराइसा नांवाच्या एका स्त्रीच्या स्मरणशक्तीवरून तयार झालेला पाठ आजहि ‘हिराइसा पाठ’ म्हणून ओळखला जातो. निरनिराळ्यांच्या स्मरणांतून निरनिराळे पाठ झाले, आणि आजच्या संपादकांसमोर पाठभेदांचा जो डोंगर आहे त्याचें एक मूळ येथें आहे. एकच प्रत असणें म्हणजे ठेवा नसल्यासारखेंच, हा धडा पंथानें या एका आघातांत घेतला. पुढें त्यानें दुसरीहि एक गोष्ट केली.

१३५३ च्या सुमारास रवळोबास यांनीं सकळ लिपि सिद्ध केली. ‘सह्याद्रिवर्णन’ या काव्याचे कर्ते रवळो व्यास ते हेच. पंथाचे ग्रंथ परक्यांच्या हातीं पडून त्यांची विटंबना होऊं नये आणि अधिकार नसलेल्यानें ते वाचूं नयेत, हा यांतील हेतु होता. लिपीचें तत्त्व सोपें आहे. एका अक्षराच्या जागीं दुसरें अक्षर लिहावयाचें, आणि कोणतें कशाच्या जागीं हें गुरूनें शिष्याला तोंडीं सांगावयाचें. समजा, ‘क’ च्या जागीं ‘म’ आणि ‘म’ च्या जागीं ‘क’ लिहावयाचें असें दोघांमध्यें ठरलें, तर ‘कमळ’ हा शब्द ‘मकळ’ असा लिहिला जाईल. सर्वच अक्षरांची अशी अदलाबदल केली म्हणजे पोथी समोर उघडी असूनहि तिऱ्हाइताला तिच्यांत निरर्थक अक्षरांची रांग दिसते. सकळ लिपीच्या पाठोपाठ सुंदरी लिपि, अंकलिपि, वज्रलिपि अशा आणखीहि कांहीं लिपि पंथांत निघाल्या.

या कुलपाचा लाभ काय झाला, हें पाहावयाचें तर त्याच जिल्ह्यांतील नेवाशाकडे पाहावें. १२९० सालीं, म्हणजे शके १२१२ मध्यें, प्रवरेच्या कांठीं ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिला कुलूप नव्हतें. ती घरोघर गेली, गाइली गेली, हजारों हातांनीं उतरून घेतली. आणि प्रत्येक उतरून घेणाऱ्यानें नकळत एखादा जुना शब्द काढून आपल्या काळचा घातला. तीनशें वर्षांत पाठांत इतका घोटाळा माजला कीं, १५८४ सालीं पैठणच्या एकनाथांना अनेक प्रती समोर ठेवून ती शुद्ध करावी लागली. महानुभावांच्या पोथ्या थोड्या आणि विधिपूर्वक शिकलेल्या हातांतूनच फिरल्या. त्यामुळें यादवकाळच्या मराठीचें रूप त्यांत अधिक शाबूत राहिलें, असें भाषेचे अभ्यासक मानतात. कुलपानें ठेवा राखला, हें खरें आहे.

परंतु त्याची किंमतहि जबर पडली. पांच शतकें मराठी वाचकाला आपल्या भाषेचें आद्य गद्य ठाऊकच नव्हतें. वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं मुकुंदराज व ज्ञानेश्वर यांच्या काव्यापासून आरंभ करावा आणि गद्य म्हटलें कीं एकदम बखरींवर उडी घ्यावी, अशी स्थिति होती. याहूनहि वाईट परिणाम लोकमतावर झाला. जें वाचतां येत नाहीं त्याविषयीं माणसें तर्क करतात, आणि तर्क क्वचितच चांगला असतो. महानुभावांविषयीं नाना प्रकारच्या कुचेष्टा पसरल्या. त्यांच्या नांवाचा ‘मानभाव’ असा अपभ्रंश झाला, आणि वरून साळसूद पण आंतून कपटी अशा माणसाला ‘मानभावी’ म्हणण्याची रीत मराठींत पडली. निंदकाला उत्तर देण्याचें साधन पंथाच्या पोथींत होतें, आणि पोथीवर पंथानेंच घातलेलें कुलूप होतें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं हें कुलूप दोन्ही बाजूंनीं उघडलें. बाहेरून इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं या लिपीचा उलगडा केला. ज्या भाषेंत लेख असेल त्या भाषेची घडण ज्याला नीट ठाऊक आहे, त्याला अक्षरांच्या अदलाबदलीचें कोडें फार काळ अडवीत नाहीं. कोणतें चिन्ह वारंवार येतें, कोणतें शब्दाच्या शेवटीं येतें, कोणतीं दोन जोडीनें येतात, हें मोजीत गेलें कीं किल्ली हातीं लागते. नवव्या शतकांत बगदादच्या अल्-किंदी या पंडितानें ही युक्ति लिहून ठेविली होती. म्हणजे सकळ लिपि जन्मली तेव्हांच तिच्यापेक्षां जुनें असें तिला उघडण्याचें तंत्र जगांत होतें. आंतल्या बाजूनें पंथांतील कांहीं महंतांनींहि दार उघडलें. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्यासारख्या जिज्ञासूंना त्यांनीं पोथ्या दाखविल्या व वाचून दिल्या. पुढें १९३६ पासून ह. ना. नेने यांनीं नागपुरास लीळाचरित्राचे भाग प्रसिद्ध केले. शं. गो. तुळपुळे यांची आवृत्ति १९६४ पासून निघूं लागली, आणि वि. भि. कोलते यांची आवृत्ति १९७८ सालीं आली. बंद पोथी शाळा-कॉलेजांतील विद्यार्थ्याच्या हातीं पडली.

या इतिहासांतील दोन गोष्टी आपल्या घरांतील पेटीकडे वळण्यापूर्वीं ध्यानांत ठेवावयाच्या आहेत. पहिली ही कीं, कुलूप दोन रीतींनीं जुनें होतें. परका तें उघडण्यास शिकतो, आणि घरचा तें उघडण्यास विसरतो. दुसरी ही कीं, सकळ लिपीचें कुलूप कच्चें होतें म्हणूनच राजवाड्यांना तें उघडतां आलें.

संगणकाच्या कुलपांचें आयुष्य याच मार्गानें गेलें आहे. फक्त शतकांचीं वर्षें झालीं. १९७७ सालीं अमेरिकेच्या सरकारनें ‘डीईएस’ नांवाची गुप्तलेखनाची रीत प्रमाण म्हणून स्वीकारली, आणि बँकांसारख्या संस्थांनीं ती उचलली. १९९८ सालीं ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ या संस्थेनें अडीच लाख डॉलरच्या आंत खर्च करून एक यंत्र बांधलें व तिची किल्ली ५६ तासांत शोधून दाखविली. कागद अस्सल आहे हें सांगणाऱ्या मोहरेप्रमाणें काम करणारी ‘शा-१’ ही रीत १९९५ सालची. २०१७ च्या फेब्रुवारींत गूगल व ॲमस्टरडॅमची एक संशोधनसंस्था यांनीं एकाच मोहरेचे दोन निरनिराळे दस्तऐवज बनवून दाखविले. ब्राउझर व दूरचें यंत्र यांच्यांतील संभाषण झांकणारी ‘टीएलएस १.०’ ही रीत १९९९ सालीं ठरली. २०२० सालीं मुख्य ब्राउझरांनीं तिला रजा दिली, आणि २०२१ च्या मार्चमध्यें इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या मंडळानें तिला रीतसर निवृत्त केलें. या तारखांच्या मधल्या काळांत जी पेटी आपण विकत घेतली, ती त्या काळचीच भाषा शिकून आली. तिला नवी भाषा शिकविण्याचें काम तिच्या कारखानदाराचें. आणि कारखानदार कांहीं वर्षांनीं तें काम थांबवितो, कारण त्याला नव्या पेट्या विकावयाच्या असतात.

यामुळें एक चमत्कारिक स्थिति निर्माण होते. जें कुलूप विद्वान चोराला उघडतां येतें, तेंच घरच्या धन्याला उघडत नाहीं. धनी साहजिकच चिडतो. नव्या संगणकाला तो म्हणतो, ‘जुनी भाषा चालूं दे, माझेंच घर आहे.’ अशी परवानगी देण्याची सोय बहुधा कोठें तरी असते, आणि शेजारचा हुषार मुलगा ती पांच मिनिटांत शोधून देतो. पेटी बोलूं लागते, सर्वांना आनंद होतो, आणि दिलेली परवानगी काढून घेण्याचें कोणाच्या लक्षांत राहत नाहीं.

धोका येथें आहे. एका संगणकानें दुसऱ्याच्या फायली मागण्यासाठीं ‘एसएमबी’ नांवाची एक बोली आहे. तिची पहिली आवृत्ति १९८० नंतरच्या दशकांतली, आणि तिला गुप्तलेखन ठाऊकच नव्हतें. २०१७ च्या मे महिन्यांत ‘वॉनाक्राय’ नांवाचें दुष्ट प्रकरण याच जुन्या वाटेनें सुमारें दीडशें देशांत पसरलें. इंग्लंडांतील रुग्णालयांतून रोग्यांना परत पाठवावें लागलें. त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोजच्या नव्या आवृत्तींत ही बोली आपोआप मिळेनाशी झाली. अनेक घरांतील पेट्या मुक्या झाल्या त्या तेव्हांपासून. २०२१ च्या जून महिन्यांत याहून बोलकी घटना घडली. ‘वेस्टर्न डिजिटल’ कंपनीच्या ‘माय बुक लाइव्ह’ या घरगुती पेट्यांची सुधारणा २०१५ नंतर थांबली होती. इंटरनेटला जोडलेल्या अशा पुष्कळ पेट्या दूरवरून कोणीं तरी एकाएकीं कोऱ्या करून टाकल्या. सकाळीं उठून लोकांनीं पाहिलें तर मुलांचे बाळपणापासूनचे फोटो गेलेले. खालशाची धाड पुन्हां आली, आणि ज्यांच्याजवळ दुसरी प्रत नव्हती त्यांच्या घरांत कोणी हिराइसा नव्हती.

येथें कोणी म्हणेल कीं, मग ही सारी यातायात गुप्तलेखनामुळेंच. कुलूप लावलेंच नाहीं तर प्रश्नच उरणार नाहीं. हें म्हणणें बरोबर नाहीं. मोडी लिपीचें उदाहरण आपल्या घरांतच आहे. मोडी ही कांहीं गुप्त लिपि नव्हे. दरबारांत, कचेरींत, पेढीवर ती सर्रास चालत असे, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेंतहि शिकविली जात असे. तरीहि नगर, संगमनेर, पारनेर, जामखेड येथील जुन्या वाड्यांतील दप्तरें आज त्यांच्या मालकांना वाचतां येत नाहींत. पणजोबांनीं कोणाला जमीन गहाण दिली हें पणतूच्या हातांत लिहिलेलें आहे, आणि तो कागद उलटा धरला आहे कीं सुलटा हेंहि त्याला कळत नाहीं. नगर येथें १९६० सालीं स्थापन झालेल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयासारख्या संस्था असे मोडी व फारसी कागद सांभाळतात, आणि मोडी जाणणारीं थोडीं माणसें ते वाचून देतात. कुलूप लावलें नाहीं म्हणून दार उघडें राहतेंच असें नाहीं. वाचणारा संपला कीं दार आपोआप लागतें.

तेव्हां घरांतील जुन्या पेटीचें काय करावें? महानुभावांच्या इतिहासांतून निघणारें उत्तर असें आहे कीं, जुनें कुलूप जागच्या जागीं सांभाळीत बसूं नये. जुनी व नवी अशा दोन्ही भाषा जाणणारा कोणी तरी हाताशीं आहे तोंपर्यंत ठेवा नव्या पोथींत उतरून घ्यावा. हा दुभाषी म्हणजे बहुधा माळ्यावर पडलेला एखादा जुना लॅपटॉप. जी भाषा नवा संगणक विसरला ती या म्हाताऱ्याला येते. प्रथम पेटीची इंटरनेटशीं असलेली जोडणी तोडावी. बाहेरगांवांहून पेटी पाहतां यावी म्हणून राउटरमध्यें कांहीं दार उघडून ठेवलें असेल तर तें बंद करावें. मग पेटी व जुना लॅपटॉप यांना एकाच वायरीनें परस्परांशीं जोडावें, जेणेंकरून त्यांचें संभाषण तिसऱ्या कोणास ऐकूंच जाणार नाहीं. बाहेर जाण्याची वाटच नसेल तर जुन्या भाषेचा कच्चेपणा कोणाच्या उपयोगी पडत नाहीं. अशा रीतीनें सर्व ठेवा नव्या डिस्कवर उतरून घ्यावा. लॅपटॉप नसेल आणि नव्या संगणकालाच सवलत द्यावी लागत असेल, तर ती त्या एका पेटीपुरती, त्या एका कामापुरती द्यावी, आणि काम होतांच काढून घ्यावी. पेटीच मेली असेल तरीहि घाई करून डिस्क फेंकूं नये. यांपैकीं बहुतेक पेट्यांच्या आंत लिनक्स असतो, आणि जाणकार माणूस ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून वाचूं शकतो. डिस्क एकीहून अधिक असतील तर कोणती कोणत्या खणांतली, एवढी चिठ्ठी मात्र काढण्यापूर्वींच त्यांवर लावावी.

उतरून घेतलेली प्रत मुळाशीं ताडून पाहावी. लेखक पोथी उतरवी आणि शोधक ती तपाशी, ही जुनी रीत येथेंहि सोडूं नये. संगणक हें काम माणसाहून चांगलें करतो. मग दुसरी प्रत करून ती दुसऱ्या घरीं ठेवावी. महानुभावांच्या पोथ्या महाराष्ट्रांतल्या मठांतून होत्या, आणि पंथाचे साधु जेथें जेथें गेले त्या पंजाबांत व त्याहि पलीकडे काबूलच्या बाजूस होत्या. एका ठिकाणीं धाड आली तरी दुसऱ्या ठिकाणची प्रत वांचावी, एवढा हा विस्तार होता. आपलीं मुलें आज पुण्यास, बंगळुरास, अमेरिकेंत असतात. त्यांच्यापैकीं एकाच्या घरीं ती डिस्क असावी.

एवढें झालें तरी शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट राहते. आतांपर्यंत जें बोललों तें दारावरच्या कुलपाविषयीं, म्हणजे पेटी व संगणक यांच्या संभाषणावरील आच्छादनाविषयीं. कित्येक पेट्यांत याशिवाय आंतील डिस्कवरचा मजकूरच गुप्त लिपींत लिहून ठेवण्याची सोय असते. त्यासाठीं बहुधा ‘एईएस’ ही २००१ सालीं प्रमाण ठरलेली रीत वापरतात. ही सकळ लिपि नव्हे. तिचीं अक्षरें मोजून किल्ली सांपडत नाहीं. जगांतील सर्व संगणक कामाला लावले तरी ती नीट वापरलेली असतां उघडत नाहीं. रवळोबासांच्या कच्च्या कुलपानें आपल्या विसराळूपणावर दया केली. पक्कें कुलूप ती करणार नाहीं. घरांतील कर्त्या माणसानें पासवर्ड फक्त आपल्या डोक्यांत ठेवला आणि तो माणूस गेला, तर त्या पेटींतील फोटो जाळून टाकल्यासारखेच गेले. कोणी राजवाडे येऊन ते परत आणणार नाहींत.

म्हणून किल्ली घरांत किमान दोघांना ठाऊक असावी, आणि ती कागदावर लिहून घराच्या दस्तऐवजांबरोबर ठेवावी. पोथी गुप्त ठेवणाऱ्या पंथानेंहि किल्ली एकट्याजवळ कधीं ठेविली नाहीं. ती गुरूकडून शिष्याकडे, शिष्याकडून त्याच्या शिष्याकडे चालत राहिली. आणि म्हणूनच भावे त्यांच्या दारीं गेले तेव्हां पोथी वाचून दाखविणारा माणूस तेथें हयात होता. आपल्या घरीं संगणकाचें काम बहुधा एकटा पाहतो, आणि बाकीचे त्याच्यावर विसंबून राहतात. वडील असतील तर त्यांनीं मुलीला, मुलगा असेल तर त्यानें आईला, वर्षांतून एकदां शेजारीं बसवून घेऊन ती पेटी उघडून दाखवावी आणि परत बंद करावयास लावावी.

आणि हें काम एकदांच करून भागणार नाहीं. आज ज्या डिस्कवर आपण ठेवा उतरूं तीहि जुनी होईल, आज जी भाषा पक्की समजतों तिलाहि आणखी दहावीस वर्षांनीं कोणी रजा देईल. गुप्तलेखनाचे पंडित पुढच्या काळच्या यंत्रांना पुरून उरतील अशा रीती ठरवूं लागलेच आहेत. अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेनें २०२४ सालीं त्यांपैकीं पहिल्या तीन प्रसिद्ध केल्या. म्हणजे आजच्याहि कुलपांची जाण्याची तयारी सुरू झाली आहे. दर पांचसहा वर्षांनीं ठेवा काढावा, वाचून पाहावा, नव्या पोथींत उतरावा आणि किल्ली पुढच्या हातीं द्यावी. लीळाचरित्र आपल्यापर्यंत आलें तें याच मार्गानें आलें. म्हाइंभटानें लिहिलेली पोथी आज कोठेंहि नाहीं. ती उतरून घेणाऱ्यांनीं उतरून घेतली, म्हणून डोमेग्रामच्या गोदाकांठीं बोललेले शब्द आपण वाचूं शकतों.